घोड्याच्या ट्रेलरचे अ‍ॅक्सल बदलायचेत, ३५०० चेच घ्यावेत की ५२०० चे?

डेंटनकर_बाबा:

मंडळी, इथे गाड्यांमधले जाणकार बरेच आहेत आणि घोडेवालेही एकदोन आहेत म्हणून विचारतोय, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसच्या वर डेंटनजवळ राहतो. मुलगी पाच वर्षं रायडिंग करते. मी करत नाही, मी पैसे भरतो, लीद उचलतो आणि ट्रेलर ओढतो. ट्रेलर २००८ चा, सेकंडहँड घेतलेला, स्टीलचा, दोन घोडे शेजारी शेजारी सरळ उभे राहतात तसला, पुढे खोगिरं ठेवायला आणि कपडे बदलायला छोटी खोली म्हणजे ड्रेसिंग रूम, आणि पिकअपच्या मागच्या गोळ्यावर अडकवायचा म्हणजे बंपर पुल. खाली दोन टॉर्शन अ‍ॅक्सल आहेत, प्रत्येकी ३,५०० पौंडांचे, आणि कंपनीच्या पाटीवर एकूण वजनाची मर्यादा ७,००० पौंड.

इतके दिवस एकच घोडी होती, क्वार्टर हॉर्स, ११५० पौंड. मार्चमध्ये दुसरा घेतला, पर्शेरॉन क्रॉस, १६०० पौंडांचं धूड, मान बघितली तर खिलार बैल आठवतो पण स्वभावाने गाय. तेव्हापासून दोघं एकत्र जातात.

जुलैत शोसाठी ओक्लाहोमात आर्डमोरला निघालो होतो, रेड रिव्हर यायच्या आधीच आय-३५ वर मागचा उजवा टायर फुटला. दुपारची वेळ, ऊन १०० फॅरनहाइटच्या वर, शेजारून ट्रक धाडधाड जातायत आणि आत दोन घोडे. तो अर्धा तास मी विसरणार नाही. टायर बदलताना बघितलं तर मागच्या दोन्ही टायरांची आतली कड पार गुळगुळीत, डावीकडच्याला तर नखाला तार लागत होती. पुढच्या अ‍ॅक्सलचे टायर बऱ्यापैकी ठीक. आणि चाक आणि मडगार्डमधलं अंतर बघा, पुढच्या चाकावर माझा अख्खा पंजा आडवा जातो, मागच्यावर जेमतेम तीन बोटं.

घराजवळच्या ट्रेलरवाल्याला दाखवलं. त्याने खाली वाकून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला अ‍ॅक्सल बसलेत, तुमचं वजन जास्त होतंय, ५२०० चे टाका म्हणजे कायमची चिंता मिटेल. चाकं, टायर, ब्रेक सगळं धरून ४,६०० डॉलर. आहेत तसेच ३५०० चे टाकले तर २,७००. ट्रेलर मी घेतलाच होता साडेसहा हजाराला. बायकोचं म्हणणं एवढे पैसे घालण्यापेक्षा विकून टाक, पण असा बसलेला ट्रेलर दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायचा हे मला पटत नाही.

तर, अपग्रेड करावं का? पैशाचा प्रश्न आहेच पण त्याहून जास्त आत मुलीचे घोडे असतात हा आहे.

टर्बो_पाटील:

साहेब बिनधास्त ५२०० टाका, ७००० चे मिळाले तर ते टाका. मी बोटीच्या ट्रेलरला एक नंबर वरचे अ‍ॅक्सल टाकलेत, चार वर्षं मागे वळून बघितलं नाही. जास्तीचं कधी वाया जात नाही. १,९०० चा फरक म्हणजे इथे एका व्हेट व्हिजिटचं बिल :)

मिनेसोटाची_ताई:

पाटील, बोट तक्रार करत नाही हो. घोडा करतो.

बाबा, मी अठरा वर्षं घोडे ओढतेय, आधी थोडं माझं ऐका. टॉर्शन अ‍ॅक्सल म्हणजे स्टीलच्या नळीत दुसरी दांडी आणि दोघांच्या मधल्या जागेत रबराच्या कांड्या दाबून बसवलेल्या असतात, चाक वर गेलं की दांडी पिळली जाते आणि रबर दाबलं जातं, हीच तुमची स्प्रिंग. हे रबर ज्या भारासाठी भरलंय त्याच्या खूप खाली चाललात तर ते दबतच नाही. म्हणजे ५२०० चे दोन टाकले, १०,४०० ची ताकद, आणि आत तुमची एकटी ११५० ची घोडी, तर तिच्यासाठी ती बैलगाडी झाली. प्रत्येक खड्डा पायातून वर जाणार. घोडा प्रवासात बसत नाही, चार-पाच तास सतत तोल सांभाळत उभा असतो. एकदा आमची एक घोडी अशाच कडक ट्रेलरमधून सहा तास आली ती उतरल्यावर तिचे पाय थरथरत होते, दुसऱ्या दिवशी शो सोडून द्यावा लागला.

दुसरं, नुसते अ‍ॅक्सल बदलून भागत नाही. ३५०० ला बहुतेक पाच बोल्टचं चाक आणि १० इंची ब्रेक असतात, ५२०० ला सहा बोल्ट आणि १२ इंची ब्रेक. म्हणजे चारही चाकं नवी, आणि पाचवं स्टेपनी धरा, लोक हमखास विसरतात. मग टायर एसटी (ट्रेलरचा टायर) २०५ मापावरून २२५ वर जातो, तो इंचभर उंच असतो, मडगार्डला घासतो का ते बघा. ते ४,६०० मध्ये स्टेपनी आहे का विचारलंत का?

आणि एवढं करूनही पाटीवरचा ७,००० चा आकडा तिथेच राहतो. फ्रेम, कपलर (गोळ्यावर बसणारं तोंड), फ्लोअर सगळं त्या आकड्यासाठी बनलेलं आहे, ट्रेलर बनवणाऱ्याने लेखी वाढवून दिल्याशिवाय तो आकडा वाढत नाही.

ता. क. मॅट उचलून खालच्या फळ्या बघितल्यात का? २००८ चा लाकडी फ्लोअर असेल तर अ‍ॅक्सलच्या आधी तो. मुताने लाकूड आतून कुजतं, वरून चकाचक दिसतं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर बाकीची चर्चा बंद.

निवृत्त_यंत्रअभियंता:

ताईंशी सहमत. पण मला दुकानदाराचं निदानच पटलेलं नाही. वजन जास्त होतंय हे त्याने कशावरून ठरवलं? काट्यावर घातलं का? दोन मिनिटं वाकून वजन कळत असतं तर आम्ही चाळीस वर्षं लोडसेल कशाला वापरले असते.

मला तीन गोष्टी सांगा.

ओढणारी गाडी कोणती, आणि ती याच वर्षी बदललीत का?

ट्रेलर जोडून सपाट जागी उभा केला की तो आडव्या पातळीत असतो का, की नाक वर आहे? आडवी पट्टी आणि लेव्हल लावून मोजा, डोळ्याने नको.

टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे, म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष, काय आहेत, आणि हवा किती ठेवता?

पातळी का विचारतोय तेही सांगतो. पाट्यांच्या स्प्रिंगवाल्या दुहेरी अ‍ॅक्सलमध्ये दोन्हींच्या मधे एक तराजूसारखा तुकडा असतो, इक्वलायझर, तो भार आपोआप वाटून देतो. टॉर्शनमध्ये तो नसतो, प्रत्येक अ‍ॅक्सल आपापला फ्रेमला बोल्ट केलेला. नाक वर गेलं की मागचा अ‍ॅक्सल खाली दाबला जातो आणि पुढचा आरामात लटकतो. तुमचे मागचेच टायर झिजलेत, मागचंच चाक मडगार्डच्या जवळ आलंय, मला वास येतोय.

जमलं तर घोडे भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) जा, थोड्या डॉलरचं काम आहे. एकदा जोडलेलं वजन, मग कुठेतरी ट्रेलर सुरक्षित सोडून नुसत्या गाडीचं. आणि जोडलेलं असतानाच थोडं पुढे सरकून फक्त मागचा अ‍ॅक्सल शेवटच्या प्लॅटफॉर्मवर राहील असं एक वजन घ्या. ४,६०० खर्चायच्या आधी हे करा.

ऊसवाला_शहादा:

भाऊ मी घोड्याच्या ट्रेलरमधला नाही, उसाच्या ट्रॉलीतला आहे, पण मामला एकच वाटला म्हणून लिहितो. आमच्याकडं सीझनला ट्रॉलीचा अ‍ॅक्सल वाकला की गडी म्हणतो शेठ जाड टाका. जाड टाकला की त्याच गड्याला वाटतं आता काय, दोन थर अजून चढवू. मग अ‍ॅक्सलला काही होत नाही, चासी जिथं पाट्याचं ब्रॅकेट वेल्ड केलंय तिथंच फाटते. माझ्या स्वतःच्या ट्रॉलीची कारखान्याच्या रस्त्यावर फाटली, रात्री अकरा वाजता, मागं वीस ट्रॅक्टरची लाईन आणि सगळे शिव्या देतायत. तेव्हापासून मी वेल्डिंगवाल्याला आधी चासी दाखवतो, अ‍ॅक्सल नंतर. तुमचं ब्रॅकेट बसतं तिथं रंगाला केसासारखी चीर दिसते का, चिरेतून गंज उतरलाय का, ते बघा.

बाकी आमच्या तालुक्यात सारंगखेड्याची यात्रा भरते, दत्तजयंतीला, घोड्यांचा मोठा बाजार. तिथं लाखांचे घोडे पिकअपच्या हौद्यात वाळू टाकून येताना पाहिलेत. तुमच्या घोड्याला ड्रेसिंग रूम आहे वाचून आमचे वडील हसले लय.

डेंटनकर_बाबा:

ऊसवाले भाऊ, ड्रेसिंग रूम घोड्याची नाही हो, आमच्या लेकीची. घोडा उघड्यावरच तयार होतो :D

आठवडा गेला, सगळं करून आलो. काका, तुमच्या वासाला दाद.

गाडी जानेवारीत बदलली. आधी एसयूव्ही होती, आता हाफ-टन (हलक्या वर्गातली) पिकअप, ती बरीच उंच आहे आणि मी जुनाच सरळ बॉल माउंट (ज्यावर गोळा बसतो तो दांडा) त्यात घुसवला. लेव्हल लावली तर ट्रेलरचं नाक साडेतीन इंच वर. सात महिने असाच ओढतोय आणि एकदाही डोळ्याला खुपलं नाही, उलट ट्रेलर रुबाबदार दिसतो असं वाटायचं.

टायर २३१८, म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा, सात वर्षं झाली. हवा… आता शिव्या घाला, मी ४२ ठेवायचो. कुणीतरी सांगितलं होतं कमी हवेत घोड्यांना मऊ जातं. टायरवर ५० लिहिलंय.

वजन, घोडे, खोगिरं, चाऱ्याच्या चार गाठी आणि वीस गॅलन पाणी धरून:

जोडलेलं: पिकअपचा पुढचा अ‍ॅक्सल २,९००, मागचा ३,५८०, ट्रेलरचे दोन्ही मिळून ५,८४०.
नुसती पिकअप: पुढे ३,१८०, मागे २,५२०.
ट्रेलरचा फक्त मागचा अ‍ॅक्सल: ३,३६०.

फळ्या टोचून बघितल्या, टणक आहेत, एक कडेची थोडी मऊ होती ती बदलतोय. ब्रॅकेटपाशी चीर नाही. जुना फर्निचरचा सुतार वाटावा असा मी ट्रेलरखाली टॉर्च घेऊन पडलो होतो, शेजाऱ्याने येऊन विचारलं सगळं ठीक ना.

निवृत्त_यंत्रअभियंता:

उत्तम. आता आकडेच बोलतील.

जोडलेलं एकूण १२,३२०, त्यातून पिकअपचे ५,७०० वजा केले की ट्रेलर ६,६२०. पाटी ७,००० ची. म्हणजे जास्त भरलेला नाही, काठावर मात्र आहे. यातले ७८० पौंड गोळ्यावर येतात, साधारण १२ टक्के, बंपर पुलला १० ते १५ हवेत, तेही बरोबर. उरलेले ५,८४० अ‍ॅक्सलवर, ताकद ७,०००.

पण ही वाटणी बघा. मागच्यावर ३,३६० म्हणजे पुढच्यावर राहिले २,४८०. जवळजवळ नऊशे पौंडांचा फरक! नाक साडेतीन इंच वर असताना दोन अ‍ॅक्सलांमधल्या अडीच-पावणेतीन फुटांत उंचीचा फरक पडतो जेमतेम पाऊण इंच. पाऊण इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण टॉर्शनचा पूर्ण भारापर्यंत दबायचा पल्लाच दोन-तीन इंचांचा, त्यातला पाऊण म्हणजे बराच झाला. मागचा अ‍ॅक्सल उभ्या गाडीतच ९६ टक्क्यांवर. वर खड्डे, ब्रेक. नळी किंचित वाकली, चाकं वरून आत झुकली आणि टायरची आतली कड घासायला लागली.

टायरचं गणितही तिथेच येतं. तुमचा २०५/७५ आर१५, लोड रेंज (भार पेलायचा वर्ग) सी असेल तर ५० पीएसआयला १,८२० पौंड पेलतो. ३,३६० चे निम्मे १,६८०. पर्शेरॉन कुठल्या बाजूला उभा होता? उजवीकडे असेल तर मागच्या उजव्या टायरवर १,७०० च्या वर धरा. आणि हवा ४२, म्हणजे तो १,८२० पेलतच नव्हता. त्यात सात वर्षांचं रबर आणि टेक्ससचा जुलै. तो टायर इतके महिने टिकला हेच नवल.

नाक खाली आणलंत की ५,८४० चे निम्मे २,९२० प्रत्येकी, ३,५०० च्या ८३ टक्के. यात ५२०० कुठे लागतो?

मागचा अ‍ॅक्सल गेलाय, तो बदलायलाच हवा. पुढचाही सतरा वर्षांचा, नवं ताठ रबर आणि जुनं थकलेलं रबर एकत्र घातलंत तर नवा जास्त भार खाईल, म्हणून जोडीनेच बदला, आहेत त्याच आर्म-अँगलचे (चाक धरणाऱ्या हाताचा कोन), नाहीतर उंची बदलेल. थोडी शिल्लक ताकद हवीच असेल तर मोठी नळी आणि १२ इंची ब्रेक पण रबर ४,००० चं, असंही ऑर्डर देऊन मिळतं. मग ताईंची चाकांची यादी परत लागू होते. मी तरी करणार नाही.

आणि एक गोष्ट जी अजून कुणी विचारली नाही. पिकअपच्या रिसीव्हरवरचं (मागे बॉल माउंट घुसतो त्या चौकोनी नळीवरचं) स्टिकर वाचा. बऱ्याच हाफ-टन गाड्यांवर दोन ओळी असतात, साध्या बॉल माउंटवर ५,००० पौंड आणि गोळ्यावर ५००, त्याच्या वर जायचं तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे गोळ्यावरचं वजन पुढच्या चाकांवरही वाटून देणारा जोड. तुम्ही ६,६२० आणि ७८० ला आहात. जोडल्यावर तुमचं पुढचं चाक २८० पौंडांनी हलकं होतंय, ते त्याचंच लक्षण.

टर्बो_पाटील:

माझा ५२०० चा सल्ला मागे घेतो. आणि आज संध्याकाळी बोटीचं नाक मोजणार आहे.

मिनेसोटाची_ताई:

ज्या कुणी कमी हवेचं सांगितलं त्याला माझ्याकडून दोन शब्द. टायर मऊ ठेवून घोड्याला मऊ जात नाही, टायर तापतो.

बाबा, टायर बदलताना जॅक कुठे लावलात? टॉर्शनच्या नळीखाली कधी लावायचा नाही, वाकते. फ्रेमखाली लावा, किंवा उतरता ठोकळा मिळतो, चांगलं चाक त्यावर चढवायचं की त्याच बाजूचं पंक्चर चाक हवेत येतं, घोडे आत असले तरी चालतं, जॅकच लागत नाही. आणि दर थांब्याला उतरून चारही हबला हात लावत जा, एक बाकीच्यांपेक्षा गरम लागला की बेअरिंग किंवा ब्रेक. नवे अ‍ॅक्सल आले म्हणून ग्रीस विसरू नका, वर्षातून एकदा.

डेंटनकर_बाबा:

जॅक नळीखालीच लावला होता. लिहायलाही लाज वाटते.

स्टिकर वाचलं. तंतोतंत ५,००० आणि ५००. दोन आठवड्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की ही गाडी अकरा हजार ओढते, कारण जाहिरातीत तेच लिहिलेलं.

ठरलं ते असं. ३५०० चीच जोडी, नव्या ब्रेकसकट, दुसऱ्या दुकानात. त्याने आर्म-अँगल स्वतः मोजला, हब फेसपासून हब फेसपर्यंत टेप लावली, मला तिथेच बरं वाटलं. पाच नवे टायर, त्याच मापाचे पण लोड रेंज डी, ६५ पीएसआयला २,१५० पौंड, रिम तेवढी हवा झेलते का ते त्याने आधी बघितलं. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, खाली उतरत्या शँकचा, म्हणजे नाकही खाली येईल. सगळं मिळून ५२०० च्या कोटेशनपेक्षा चारशे कमीच होतायत. शनिवारी काम आहे, झाल्यावर परत काट्यावर जाऊन आकडे टाकतो.

एक उरलंय. काका म्हणाले तसा पर्शेरॉन उजवीकडेच उभा असायचा. रस्त्याला उजवीकडे उतार म्हणून जड घोडा ड्रायव्हरच्या बाजूला ठेवतात हे आता वाचलं, पण आमची घोडी पाच वर्षं डावीकडेच उभी राहते, उजवीकडे नेलं तर रॅम्पवर पाय रोवून बसते, काल पाऊण तास गेला. ताई, काही युक्ती?

मिनेसोटाची_ताई:

आठवडाभर ट्रेलर पिकअपला जोडून अंगणात उभा ठेवा, मधली पार्टिशन बाजूला सरकवा म्हणजे तिला जागा मोठी वाटेल, आणि रोजचं धान्य फक्त उजवीकडच्या फीडरमध्ये. तुम्ही ओढू नका, लेकीला आत उभं करा. पहिले दोन दिवस ती नुसते पुढचे पाय रॅम्पवर ठेवून मान लांब करेल, तेवढ्यावर दाणे द्या आणि मागे येऊ द्या. दार लावायची घाई केलीत तर परत पहिल्यापासून.